सहा बंदरांवरची सेंटर, नेट दिवसातून दहा वेळा जातं. डेटाबेस रेप्लिकेशन (एका डेटाबेसमधले बदल दुसरीकडच्या कॉपीत आपोआप नेणं) कुठलं घेऊ?

घाटकोपर_स्लो

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

मासळी खरेदी करणाऱ्या कंपनीत आहे मी, ऑफिस कुलाब्याला ससून डॉकच्या जवळ, आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे मी आणि एक शिकाऊ मुलगा. किनाऱ्यावर सहा सेंटर आहेत, डहाणू, श्रीवर्धन, हर्णै, रत्नागिरीचं मिरकरवाडा, देवगड, मालवण. बोटी लागल्या की लिलाव, मग काटा, पावती, बोटवाल्याच्या खात्याला जमा, त्याने डिझेल-बर्फासाठी आधी घेतलेली उचल त्यातून वजा, क्रेट भरले की गाडी रवाना. हे सगळं आत्ता ऑफिसातल्या एकाच पोस्टग्रेस डेटाबेसच्या सर्व्हरवर चालतं आणि सेंटरवाले ब्राउझरमधून उघडतात. म्हणजे उघडलं तर. तिकडे नेट म्हणजे सिम टाकलेला राउटर, लाइट गेली की थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. मग दिवाणजी वही काढतात आणि रात्री घरी जायचं सोडून एंट्र्या मारत बसतात, त्यात २१८ किलो बांगडा २८१ होतो आणि सकाळी शेठ मला फोन करतात, जसं काय काट्यावर मीच उभी होते.

आता ठरलंय की प्रत्येक सेंटरला स्वतःचा छोटा सर्व्हर द्यायचा आणि तो मुंबईशी जुळत राहिला पाहिजे. कसा, तिथे गाडी अडलीय. एक व्हेंडर गॅलेरा क्लस्टर (मायएसक्यूएल घराण्यातलं, सगळे सर्व्हर एकदम जुळते ठेवणारं) सांगून गेला, "सातही ठिकाणी एकच डेटाबेस, कुठेही लिहा मॅडम". मला स्वतःला पोस्टग्रेसचं लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे निवडक टेबलांमधले बदल ओळीओळीने दुसऱ्या सर्व्हरला पाठवणं, दोन्ही बाजूंनी लावावंसं वाटतंय, १६ व्हर्जनपासून ते जमतं म्हणतात. अकाउंटवाले काका म्हणतात रोज रात्री एक्सेल व्हॉट्सॲपवर टाका, त्याला काय झालंय.

मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते, १ ऑगस्टला बोटी बाहेर. सेंटर आत्ता बंद आहेत, म्हणजे हात लावायला हाच वेळ. काय घेऊ?

कोपऱ्यातला_सर्व्हर

प्रॉडक्ट नंतर. आधी तीन गोष्टी सांगा. एका सेंटरला दिवसाला पावत्या किती. नेट सलग जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिलंय, सरासरी नको, सगळ्यात वाईट वेळ सांगा. आणि एकच रेकॉर्ड दोन ठिकाणांहून बदललं जातं का, कुठलं. तिसऱ्याचं उत्तर "नाही बहुतेक" असं देऊ नका, दिवाणजींना विचारून या.

घाटकोपर_स्लो

सीझनला मिरकरवाड्याला ४०० पर्यंत, बाकी ठिकाणी दीडशे-दोनशे. एका पावतीचा सगळा मिळून डेटा दोन केबीच्या आतच. नेट रोज पाच-दहा वेळा जातं, कधी मिनिटभर कधी दोन-तीन तास, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गेल्या ऑक्टोबरात देवगडला सलग चार दिवस. तिसरं विचारून सांगते. मला वाटत होतं जिथली पावती तिथेच राहते, पण तुम्ही ज्या सुरात विचारलंत त्यावरून शंका यायला लागलीय.

बाइनलॉग_बाबा

ताई, ४०० गुणिले दोन म्हणजे दिवसाला ८०० केबी. सकाळी येणारे चार-पाच गुड मॉर्निंगचे फोटो याहून जड असतात. म्हणजे पाइप बारीक आहे ही तुमची अडचणच नाही, पाइप मध्येच तुटतो ही आहे, आणि व्हेंडरने नेमकं तेच ऐकलेलं दिसत नाही.

गॅलेरा मी सहा वर्षं चालवलाय, वाईट म्हणणार नाही, चांगल्या फायबरवर तो दोन शहरांतही गुण्यागोविंदाने नांदतो. पण त्यात प्रत्येक कमिट, म्हणजे नोंद पक्की करणं, सगळ्या नोडांकडे (क्लस्टरमधल्या सर्व्हरांकडे) जाऊन यावं लागतं, मगच ते पक्कं. म्हणजे डहाणूला पावती फाडताना मालवणच्या सिमकार्डाला रेंज आहे का यावर ती कधी छापली जाणार ते ठरणार. आणि मालवण गेलं की क्लस्टरला ते कळायला काही सेकंद जातात, तेवढा वेळ सातही ठिकाणी कमिट लटकतं. मग बहुमतवाले पुढे चालू लागतात आणि एकटा पडलेला मालवण स्वतःला नॉन-प्रायमरी म्हणवून हात वर करतो, साधी सिलेक्ट क्वेरीपण घेत नाही. नेट गेल्यावर सेंटर चालू राहावं म्हणून तुम्ही मशीन घेताय, आणि हा नेट गेल्यावर सेंटर बंद करणारा डेटाबेस. दिवसातून दहा वेळा सहा ठिकाणी लिंक गेली तर एखाद्या वाईट क्षणी एकदम चार नोड बाहेर पडतील आणि मग ऑफिसही बंद, कारण सातात बहुमत चारचं.

परत आल्यावर राहिलेलं तेवढंच घेतो हे खरं, जीकॅशमध्ये (अलीकडचे बदल साठवायच्या जागेत) असेल तोवर, ते डिफॉल्ट १२८ एमबी असतं आणि तुमच्या डेटाला चार दिवस आरामात पुरेल. त्यातून बाहेर गेलं की पूर्ण डेटाबेसची कॉपी, सिमवरून. व्हेंडरला सांगा, डेमो दे आणि डेमो चालू असताना राउटरची पिन मी काढणार. परत येतो का बघा.

साधं एकतर्फी असिंक्रोनस रेप्लिकेशन (आधी इथे लिहायचं, तिकडे सवडीने पोचतं), मायएसक्यूएलचं बाइनलॉगवालं, म्हणजे बदलांच्या नोंदवहीवर चालणारं, अशा तुटक लिंकवर फार गुणी. जीटीआयडी, म्हणजे प्रत्येक बदलाला वेगळा क्रमांक, चालू ठेवलं की जिथे थांबलं तिथून पुढे, आणि ८.० मध्ये बाइनलॉग डिफॉल्टने ३० दिवस राहतो. पण तुमचं पोस्टग्रेस आहे, त्यासाठी डेटाबेस बदला असं मी नाही सांगणार.

बदलापूर_विंडोसीट

लॉजिकल रेप्लिकेशनबद्दल मी लिहितो कारण त्याने माझी एक दिवाळी खाल्लीय.

आमच्या तेव्हाच्या कंपनीत मुख्य सर्व्हरवरून ११ शाखांना मास्टर टेबलं जायची, रेट, आयटम, पार्ट्या. एक शाखा रंगकामासाठी बंद केली, मशीन काढून माळ्यावर ठेवलं, आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्हीही बघितलं नाही. आता पोस्टग्रेसमध्ये काय असतं की प्रत्येक सबस्क्रायबरचा (डेटा घेणाऱ्याचा) पब्लिशरकडे (पाठवणाऱ्याकडे) एक स्लॉट, म्हणजे कुठपर्यंत पोचलं याची खूण, असतो, आणि सबस्क्रायबरने "मिळालं" म्हणेपर्यंत तिथून पुढची वॉल फाइल (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो तो लॉग) सर्व्हर टाकून देत नाही. नुसत्या त्या चार टेबलांची नाही, अख्ख्या सर्व्हरवर जे जे लिहिलं जातंय त्या सगळ्याची वॉल. धनत्रयोदशीला डिस्क भरली आणि डेटाबेस पॅनिक देऊन झोपला. बंद होती एक शाखा, बसल्या अकरा. मी घरी कंदील लावत होतो.

आता तुमचं बघा. तुमची सेंटर जून-जुलै दोन महिने बंदच असतात! ऑफिसकडून सेंटरकडे रेट पाठवायला स्लॉट लावलात आणि ३१ मेला दिवाणजींनी मशीनची पिन काढली, तर सहाही स्लॉट दोन महिने वॉल धरून बसणार. १३ व्हर्जनपासून मॅक्स-स्लॉट-वॉल-कीप-साइझ आहे, त्याने मर्यादा घालता येते, डिफॉल्ट उणे एक म्हणजे मर्यादाच नाही. १८ मध्ये बराच वेळ रिकामा पडलेला स्लॉट आपोआप बाद करायचं सेटिंगही आलंय. पण मर्यादा ओलांडली की स्लॉट मेला, आणि त्या सेंटरला पहिल्यापासून कॉपी. म्हणजे मुंबईची डिस्क वाचवायची की सेंटरची कॉपी, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. बंदीच्या काळात स्लॉट स्वतः ड्रॉप करा आणि जुलैत परत बनवा, हे कॅलेंडरला लावूनच टाका.

बाकी बारीकसारीक, पण याच गोष्टी रात्री जागवतात.

पहिली कॉपी सिमवरून करू नका. टेबल कॉपी होताना लिंक तुटली की ते टेबल पुन्हा शून्यापासून. मशीन ऑफिसात भरा, कॉपी-डेटा फॉल्स देऊन सबस्क्रिप्शन बनवा आणि मग गाडीत टाका.

कनेक्शन सबस्क्रायबर करतो. पावत्या सेंटरकडून मुंबईला हव्यात म्हणजे मुंबईने सेंटरला फोन लावायचा, आणि सिमवाल्या राउटरला बाहेरून फोन लागत नाही कारण त्याला स्वतःचा पब्लिक आयपी नसतो. वायरगार्डसारखं व्हीपीएन (दोन ठिकाणांमधला खाजगी बोगदा) लागणार, त्यात पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा नाहीतर ऑपरेटरचं नॅट, म्हणजे अनेक सिमना एकाच पब्लिक आयपीवरून बाहेर सोडणारी व्यवस्था, तुम्हाला विसरून जातं.

लिंक तुटून लगेच परत आली तर "स्लॉट आधीच चालू आहे" असा एरर येतो. घाबरू नका, जुन्या कनेक्शनचं भूत असतं, वॉल-सेंडर-टाइमआउट डिफॉल्ट ६० सेकंद आहे, तेवढ्यात जातं.

आणि १६ मधलं ओरिजिन-नन, ज्याच्यामुळे तुम्हाला दोन्ही बाजूंनी लावावंसं वाटतंय, ते फक्त एवढंच करतं की मालवणहून मुंबईला आलेली ओळ मुंबई परत मालवणला पाठवत नाही. दोघांनी एकच ओळ बदलली तर कोणाचं खरं हे ते ठरवत नाही. दोघांनी एकाच किल्लीची ओळ टाकली तर आलेले बदल टेबलात उतरवणारा अप्लाय वर्कर तिथेच थांबतो, परत प्रयत्न करतो, परत तोच एरर, आणि तोवर मागे वॉल साचतेच आहे. टेबलात नवीन कॉलम टाकलात तोही आपोआप जात नाही, आधी सबस्क्रायबरवर टाकायचा आणि मग पब्लिशरवर. उलट केलंत की थांबलं.

सांगायचा मुद्दा, चालतं. मी आजही वापरतो. पण सहा सेंटरवर रोज नजर ठेवणारा माणूस लागतो, आणि तुमच्याकडे तो माणूस तुम्हीच आहात.

दापोलीकर_सध्या_ठाण्यात

माझं मत जरा वेगळं, रेप्लिकेशन हा शब्दच थोडा वेळ बाजूला ठेवा. तुम्हाला मुंबईची झेरॉक्स मालवणला नकोय, तुम्हाला मालवणच्या पावत्या मुंबईला हव्यात आणि मुंबईचे रेट मालवणला हवेत, उशिरा का होईना पण प्रत्येक एकदाच आणि न हरवता. हे काम टपालाचं आहे.

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा आमच्या एका डेपोला कित्येक दिवस लाइट नव्हती, टॉवर नव्हता, फोन लावायला लोक डोंगरावर जात होते. माणसं जनरेटरवर दोन तास मशीन चालवून काम उरकायची. त्या वेळचा सगळा हिशोब आम्ही पेनड्राइव्हवर घेतला आणि रस्ता मोकळा झाल्यावर गाडीने मुंबईला आणला, ऑफिसात लावला, पाच मिनिटांत आत गेला, एकही पावती दोनदा नाही. हे जमलं कारण आमचं आउटबॉक्स टेबल होतं. पावती लिहिताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आउटबॉक्समध्येही एक ओळ, म्हणजे एक झालं नाही तर दुसरंही नाही. एक छोटी स्क्रिप्ट दर अर्ध्या मिनिटाला न गेलेल्या पन्नास ओळी उचलून एचटीटीपीवर मुंबईला टाकते. प्रत्येक पावतीला सेंटरवरच यूयूआयडी (जगात दुसरीकडे न येणारा लांब क्रमांक) दिलेला असतो आणि मुंबईत इन्सर्ट करताना ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग, म्हणजे तो आधीच असेल तर काही करायचं नाही. पोच आली की मुंबईने घेतलेल्या आउटबॉक्सच्या ओळीचा शेवटचा आयडी सेंटरवर लिहून ठेवायचा आणि पुढच्या वेळी त्याच्या वरच्या ओळी पाठवायच्या. पोच रस्त्यात हरवली तर परत पाठवा, दहादा पाठवा, मुंबईला फरक पडत नाही. वाहून नेणारं नेट आहे की एसटी, त्यानेही पडत नाही.

उलट दिशेला तर अजून सोपं. रेट आणि बोटींची यादी मिळून किती, हजारभर ओळी? सेंटरने विचारायचं, माझ्याकडे ४१ नंबरची यादी आहे, नवीन आहे का. असेल तर पूर्ण यादीच द्या. फरक काढत बसू नका, यादी छोटी असताना फरक काढणं हा फुकटचा उद्योग आहे.

आणि कनेक्शन नेहमी सेंटरकडून मुंबईकडे, म्हणजे ते पब्लिक आयपीचं लफडंच नाही.

कोपऱ्यातला_सर्व्हर

दापोलीकरांचं पटतंय, फक्त "शेवटच्या आयडीच्या वरच्या ओळी" हे करू नका. मिरकरवाड्याला दोन काउंटर असणार. पहिल्या काउंटरला सीक्वेन्सने (डेटाबेसच्या क्रमांक देणाऱ्या मोजणीने) १०१ दिला, दुसऱ्याला १०२. दुसऱ्याचं कमिट आधी झालं. स्क्रिप्टने तेवढ्यात बघितलं, १०२ दिसला, पाठवला, लिहून ठेवलं शेवटचा १०२. मग १०१ कमिट झाला. तो कधीच जाणार नाही, आणि कोणाला एररही दिसणार नाही. महिन्याअखेर एका बोटवाल्याची एक पावती मुंबईत नाही एवढंच कळेल.

नंबर ओळ टाकताना मिळतो, ओळ दिसते कमिट झाल्यावर. म्हणून प्रत्येक ओळीवर स्वतःची "पोच आली" अशी खूण ठेवा आणि खूण नसलेल्या सगळ्या उचला.

दापोलीकर_सध्या_ठाण्यात

च्यायला. आमच्याकडे एकच काउंटर होता म्हणून निभावलं म्हणायचं. धन्यवाद साहेब.

पाऊस_आला_नेट_गेलं

कोणी सिमेट्रिकडीएस नाही सांगितलं का अजून? ओपन सोर्स आहे, ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) लावून बदल पकडतं, बॅच करून एचटीटीपीवर ढकलतं-ओढतं, कनेक्शन सेंटरकडून लागतं, आणि दोन बाजूंना वेगवेगळे डेटाबेस असले तरी चालतं. दापोलीकर जे हाताने करतायत तेच तयार मिळतं. काउचडीबी हा डॉक्युमेंट डेटाबेसपण या कामासाठीच जन्माला आल्यासारखं आहे, पण त्यासाठी सगळं ॲप डॉक्युमेंटवर न्यावं लागेल, १ ऑगस्टपर्यंत ते होणार नाही, सोडा.

बाइनलॉग_बाबा

याला माझा पाठिंबा. घरचं सिंक म्हणजे घरचं लोणचं, ज्याने घातलं त्यालाच आवडतं. ताई उद्या दुसरीकडे गेल्या तर तो शिकाऊ मुलगा काय करणार? तयार वस्तूचं मॅन्युअल तरी असतं.

दापोलीकर_सध्या_ठाण्यात

बाबा, बरोबर आहे, पण सिमेट्रिकमध्ये जावा चालवायची, सगळ्या टेबलांवर ट्रिगर, त्याची स्वतःची ढीगभर टेबलं, चॅनल, राउटर, नोड ग्रुप. साठ टेबलं दोन्ही बाजूंनी जुळवायची असती तर मी स्वतः तेच घेतलं असतं. इथे वर जाणारी तीन टेबलं आहेत. तीन टेबलांसाठी दोनशे ओळींची स्क्रिप्ट, तो मुलगा एका दुपारी वाचून काढेल.

घाटकोपर_स्लो

दिवाणजींशी बोलले, एकेकाला तासभर फोन. कोपऱ्यातले साहेब, तुम्ही आधी कुठल्या बंदरावर होतात का?

तर एक, बोटी आपल्याच बंदराला लागतात हे फक्त माझ्या डेटाबेसमध्ये खरं आहे. हर्णैच्या बोटी भाव बरा दिसला की मिरकरवाड्याला माल उतरवतात. उचल घेतलेली हर्णैला, माल रत्नागिरीत. आणि एका नाखव्याने एकाच आठवड्यात दोन्हीकडून उचल घेतलीय, दोन्ही दिवाणजींना आपापल्या स्क्रीनवर बाकी शून्य दिसत होती. दोन, गाडी मुंबईला आली की इथला सुपरवायझर प्रतवारी बदलतो, पापलेट दोन नंबरचं निघालं की पावतीत जाऊन रेटच खाली करतो, सरळ अपडेट. त्याच वेळी तिकडे दिवाणजी तीच पावती वजन चुकलं म्हणून दुरुस्त करत असतात. आजवर एकच डेटाबेस असल्यामुळे जो शेवटी सेव्ह करेल त्याचं राहायचं आणि दोघं फोनवर भांडायचे.

मग आता? लास्ट राइट विन्स असा पर्याय दिसतोय सगळीकडे, ज्याची वेळ नंतरची त्याचं खरं. तोच घेऊ?

कोपऱ्यातला_सर्व्हर

नको. कोणाच्या घड्याळातली वेळ? लाइट जाऊन आलेल्या, बॅटरी मेलेल्या जुन्या पीसीची? मी एक मशीन पाहिलंय जे दर वेळी सुरू होताना सात वर्षं मागे जायचं. नेट मिळालं की वेळ सुधारायची, पण नेट येईपर्यंत तासभर त्याने केलेला प्रत्येक बदल "जुना" ठरून हरायचा. तो माणूस शपथेवर सांगायचा की मी दुरुस्त केलं होतं, आणि तो खरं बोलत होता. शिवाय घड्याळं बरोबर असली तरी काय, वजन दिवाणजींचं आणि रेट सुपरवायझरचा, दोन्ही बदल खरे आहेत आणि त्यातला एक तुम्ही फेकून देताय.

प्रत्येक ओळीला एक मालक ठरवा. पावतीचा मालक सेंटर, ती एकदा फाडली की कोणीही बदलायची नाही, सेंटरनेही नाही. वजन चुकलं तर सेंटर दुरुस्तीची नवी नोंद टाकेल, उणे ६३ किलो. प्रतवारी घसरली तर मुंबई स्वतःच्या टेबलात कपातीची नोंद टाकेल, त्या पावतीच्या यूयूआयडीकडे बोट दाखवून. मालवणच्या टेबलात मालवणच लिहितं, मुंबईच्या टेबलात मुंबईच. आता भांडायला जागा कुठे आहे सांगा. अकाउंटवाल्या काकांना विचारा, खतावणीत खाडाखोड करायची नाही, उलटी नोंद टाकायची, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं असतं. आपण डेटाबेसवाले अपडेट कमांड हातात आल्यावर विसरलो.

बाकीचा कॉलम तर काढूनच टाका. बाकी म्हणजे नोंदींची बेरीज, ती साठवून इकडून तिकडे पाठवायची वस्तूच नाही. दोन्हीकडून एकदम बदलला की एक आकडा मरतो.

आता तो दोन्हीकडून उचल घेणारा नाखवा. याला कुठलंही रेप्लिकेशन थांबवू शकत नाही, लिंक तुटलेली असताना हर्णैला कळणारच नाही की मिरकरवाड्याने काय दिलं. २००० साली एरिक ब्रुअरने मांडलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी सिद्ध केलं ते हेच, तार तुटलेली असताना एकतर काम थांबवा किंवा दोन ठिकाणी वेगळं दिसेल हे मान्य करा. मधला रस्ता एक आहे, मर्यादा वाटून द्या. नाखव्याची एकूण मर्यादा ५०,००० असेल तर हर्णैला ३०, मिरकरवाड्याला २०. आपल्या वाट्यापर्यंत सेंटरने नेट नसतानाही द्यायचं, वर हवे असतील तर मुंबईला फोन. कोणाला किती वाटा हे शेठ ठरवतील, तुम्ही नाही. हा त्यांच्या पैशाचा निर्णय आहे, सॉफ्टवेअरच्या नावाखाली तो स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका.

बदलापूर_विंडोसीट

वरचं सगळं मान्य. आणि गंमत म्हणजे असं मालक ठरवून टाकल्यावर माझं लॉजिकल रेप्लिकेशनही चालेल, आउटबॉक्सही चालेल, सिमेट्रिकही चालेल. एक्सेलपण चालेल हो, काकांना सांगू नका.

पावती नंबरचं बघून ठेवा. यूयूआयडी आतल्या आत ठीक, कागदावर छापायला नाही. जीएसटी नियमांत बिलाचा नंबर जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, सलग आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा, पण मालिका एकापेक्षा जास्त चालतात. म्हणून प्रत्येक सेंटरला आपलं अक्षर आणि आपली मालिका द्या, हीच पद्धत पावत्यांनाही लावा. मुंबईकडे नंबर मागायला जायचं नाही.

अजून एक. मुंबईचा सर्व्हर कायम चालू असणार असं धरून चालू नका. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतो ना, सकाळी अख्ख्या मुंबईची लाइट गेली, लोकल जागेवर उभ्या, मी कळव्याला ट्रॅकवर उतरून चाललोय. त्या दिवशी कुठल्याही बंदरावरून बघितलं तर मुंबई हेच नेट नसलेलं सेंटर होतं.

घाटकोपर_स्लो

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, मध्ये गायब झाले त्याबद्दल सॉरी.

आउटबॉक्सच केलं. सिमेट्रिक लावून बघितलं, दोन दिवसांत चाललं, वस्तू चांगली आहे, पण वर जाणारी टेबलं शेवटी चारच निघाली आणि चारही फक्त भर पडणारी, बदल नाहीच, मग मोह आवरला. स्क्रिप्ट २६० ओळींची झाली आणि शिकाऊ मुलानेच लिहिली, म्हणजे बाबांचा लोणच्याचा प्रश्न मिटला, आता मी गेले तरी चालेल. मुंबईच्या मुख्य सर्व्हरची एक स्ट्रीमिंग कॉपी, म्हणजे सतत जुळत राहणारी नक्कल, घाटकोपरच्या दुसऱ्या ऑफिसात ठेवलीय. तिथे फायबर आहे, तिथे रेप्लिकेशन आपल्या जागी शोभतं.

टेस्टिंग असं केलं की सहाही मशीन ऑफिसातल्या एका टेबलावर मांडली, दिवाणजींच्या जुन्या वह्यांतून खऱ्या पावत्या मारायला दोन पोरं बसवली आणि मी दिवसभर येता-जाता राउटरच्या पिना काढत राहिले. पहिल्या दिवशी चार पावत्या मुंबईत पोचल्याच नाहीत. कारण शोधलं तर वाटेत हरवल्या नव्हत्या, त्या बॅचमधली एकच पावती चुकीची होती, वजन रिकामं, आणि तिच्यामुळे मुंबई पूर्ण बॅच नाकारत होती, आणि स्क्रिप्ट तीच बॅच परत परत पाठवत होती. विंडोसीट दादांचा थांबलेला अप्लाय वर्कर आमच्याकडे वेगळ्या कपड्यात आला. आता न चालणारी ओळ बाजूच्या टेबलात जाते, पोच मिळते, आणि मला सकाळी मेसेज येतो. शिवाय रोज रात्री सेंटर नुसती मोजणी पाठवतं, आज इतक्या पावत्या, इतके किलो, आणि मुंबईचा आकडा जुळला नाही की लाल. हे काकांनी सुचवलं, त्यांच्या भाषेत ताळा.

मर्यादेचं शेठना विचारायला गेले तर अर्धा तास गप्प बसले आणि मग म्हणाले हे मी गेली वीस वर्षं डोक्यात करतोय. सेंटरप्रमाणे आकडे लिहून दिले, एका सिगरेटच्या पाकिटावर.

दोन वेळाही ठेवल्या, सेंटरची आणि मुंबईला पोचल्याची, आणि क्रम लावायला वेळ वापरतच नाही, सेंटरचा स्वतःचा अनुक्रमांक वापरते. नवीन मशीन घ्यायला शेठ तयार नाहीत, जुनेच पीसी धुऊनपुसून चाललेत. आज शेवटचं मालवणचं उघडलं, पिन लावली, तर तारीख २०१४ ची. मुलाला लॅमिंग्टन रोडला पिटाळलंय, म्हटलं सहा बॅटऱ्या आण, एक नको.